खरं काम मागच्या डेकवर

नव्या अँकर हँडलर जहाजाचा फोटो हमखास पुढूनच काढलेला असतो. कारणही आहे. 2006 मध्ये नॉर्वेच्या उल्स्टाइन या जहाजबांधणी कंपनीने ‘बोर्बन ऑर्का’ या अँकर हँडलरला एक्स-बो ही नवी नाळ दिली. नेहमीची नाळ वर जाताना पुढे झुकते, ही मागे कलते. लाट धाडकन आदळण्याऐवजी कापली जाते आणि पाळी संपवून आलेल्या खलाशाला झोप तरी लागते. बदल मोलाचाच. पण हे जहाज पोट भरतं ते मागच्या डेकवर, आणि उद्याच्या आराखड्याची सुरुवातही तिथूनच व्हायला हवी.

समुद्रात तेलविहीर खोदणारी तरंगती रिग बरेचदा नांगरांच्या जोरावर जागेवर राहते. अँकर हँडलर तो एकेक नांगर साखळीसकट दूर नेऊन तळाशी सोडतं. शेकडो मीटर साखळी डेकच्या मागच्या कडेवरच्या रुळावरून, स्टर्न रोलरवरून, खाली लोंबत असते. ती बाजूला सरकू नये म्हणून डेकच्या टोकाला जाडजूड टो पिना उभ्या असतात. ओढ सरळ मागे असते तोवर ठीक. तिरकी झाली की तेच वजन जहाजाला आडवं करू लागतं.

12 एप्रिल 2007. शेटलंडच्या पश्चिमेला ‘बोर्बन डॉल्फिन’ हे अँकर हँडलर असंच उलटलं. जहाज मालकाच्या ताब्यात येऊन वर्षही झालं नव्हतं. इंजिनांची ओढ 180 टनांची. उजवीकडची आतली पिन खाली घेतली आणि साखळी झटक्यात डावीकडच्या बाहेरच्या पिनेवर गेली. साखळी धरून ठेवणाऱ्या विंचचं आपत्कालीन बटण दाबलं, पण साखळी सुटत राहिली ती हळूहळू. 15 पैकी 8 जण गेले.

नांगर हाताळणाऱ्या जहाजांच्या स्थैर्याचे आंतरराष्ट्रीय निकष लागू झाले ते 1 जानेवारी 2020 पासून. फार उशीर झाला.

दरम्यान इंजिनरूम बदलते आहे. ‘व्हायकिंग एनर्जी’ हे रिगना रसद पुरवणारं जहाज 2003 मध्ये द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालू लागलं. 2017 मध्ये ‘व्हायकिंग प्रिन्सेस’ या तशाच जहाजावर एका जनरेटरच्या जागी बॅटरी आली. रिगपाशी जागा धरून उभं राहताना ऐनवेळी लागेल म्हणून एखादं इंजिन उगीच चालू ठेवावं लागतं, तो भार बॅटरी घेते. नांगर उचलताना लागणाऱ्या क्षणिक ताकदीलाही ती सोयीची.

इंधनाचं गणित मात्र इतकं सोपं नाही. डिझेलऐवजी मिथेनॉल वापरायचं तर तेवढ्याच ऊर्जेसाठी दुपटीहून जास्त जागा लागते. टाक्या वाढल्या की अर्धवट भरलेल्या टाकीतलं पाणी-इंधन कलत्या बाजूला धावतं, आणि स्थैर्य खातं. ते नेमकं साखळी ओढत असताना झालं तर? म्हणून साखळीचा ताण, तिचा कोन आणि प्रत्येक टाकीची पातळी एकत्र जोडून, उरलेलं स्थैर्य क्षणोक्षणी दाखवणारा पडदा ब्रिजवर विंच चालवणाऱ्याच्या समोर हवा. बंदरात भरलेल्या टाक्यांवर केलेला हिशेब तिथे कामाचा नाही.