बिनमुंढ्याचे पोलके

पोशाखाविषयी लिहिण्याचा अधिकार केंद्र सरकारच्या कारकुनास कितपत पोचतो, अशी शंका वाचकांना येणे स्वाभाविक आहे. आमचा स्वतःचा पोशाख दोन विजारी आणि चार सदरे यांत आटोपतो. आणि कचेरीत साहेबांपासून शिपायापर्यंत कोणी त्याकडे मान वर करून पाहिल्याचे आम्हांस स्मरत नाही. तथापि गेल्या पावसाळ्यापासून बालीगंजच्या आमच्या दोन खोल्यांत एका स्त्रीवेषाने असा काही मुक्काम ठोकला आहे की, त्याविषयी चार शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही.

गडियाहाटच्या पदपथावर साड्या-कपड्यांच्या दुकानांची जी अखंड रांग लागलेली असते, तीत एका दुकानदाराने जपानी घाटाचा म्हणून एक जोड टांगून ठेवला होता. वर रुंद बाह्यांचे आखूड पोलके, समोरून एक बाजू दुसरीवर घेऊन कुशीला बंदाने बांधावयाचे. खाली घोट्यापर्यंत पोचणारा, तसाच गुंडाळून बांधावयाचा घागरा. कापड साधे सुती, रंग ओल्या राखेसारखा. जर नाही, टिकली नाही. घरी-दारी रोज वापरावयाचे वस्त्र, असे तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सांगत होता. आमच्या सौभाग्यवतींनी पोलके उलटे करून त्याच्या शिवणी बराच वेळ न्याहाळल्या. घेतले मात्र नाही. परत येताना त्या एवढेच म्हणाल्या, "याला मुंढाच नाही हो!"

शिंप्यास माप देण्यापलीकडे ज्यांचा शिवणकामाशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी सांगावयास हवे की, बाही जेथे खांद्याशी जोडतात तो गोलाकार काप म्हणजे मुंढा. आपल्याकडील पोलक्याची सारी बसणी या मुंढ्यावर अवलंबून असते. पण अशा घट्ट पोलक्यात हात घालावयाचा म्हणजे कोपर मागे न्यावे लागते आणि खांदा उचलावा लागतो. आमच्या घरी त्या वेळी खांदा उचलू न शकणारे एक माणूस होते.

वडिलांच्या पश्चात मातोश्री सातारा सोडून आमच्याकडे आल्या, त्या उजवा खांदा आखडलेला घेऊनच आल्या. असा खांदा मोकळा होण्यास वर्ष-दोन वर्षेही लागतात, व्यायाम सोडू नका, असे डॉक्टरांनी सांगितले. व्यायाम त्यांनी सोडला नाही. पण रोज सकाळी पोलके चढवावयाचे कसे? ज्या बाईने पंचेचाळीस वर्षे घरात कोणी उठण्यापूर्वी अंघोळ करून, लुगडे नेसून चहाचे आधण ठेवले, तिला आता सुनेकडे पाठ करून उभे राहावे लागे. आठ दिवस त्या उभ्या राहिल्या. नवव्या दिवशी, "तुला कचेरीला उशीर होतो," असे सुनेस सांगून त्यांनी गाऊन अंगात घातला तो कायमचा. गाऊन हे रात्रीचे वस्त्र, ही त्यांची समजूत मात्र पक्की. त्यामुळे दिवसाउजेडी बाहेरच्या खोलीत येणे त्यांनी बंद केले.

दुर्गापूजेनंतर विजयेच्या भेटीस घरमालकीण बाई नारळाचे लाडू घेऊन आल्या आणि 'मासीमा कुठे आहेत' म्हणून मोठ्या अगत्याने विचारू लागल्या. आमच्या मातोश्री स्वयंपाकघरात दिवा मालवून दाराआड बसल्या होत्या. त्यांना जरा झोप लागली आहे, असे आम्ही सांगितले. पाहुण्या गेल्यावर आतून एवढाच प्रश्न आला, "ताट परत दिलेत ना? रिकामे नाही ना दिले?"

त्या रात्री सौभाग्यवतींनी शिवणाचे यंत्र बाहेर काढले. बिनमुंढ्याचे ते पोलके त्यांच्या डोक्यातून गेलेले नव्हते.

पुढील काही आठवडे आमच्या घरी जपानी वस्त्रविद्येचा अभ्यास चालला होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. किमोनोचे कापड अरुंद पन्ह्याचे, म्हणजे अवघे छत्तीस-अडतीस सेंटिमीटर, आणि लांबीला सुमारे बारा मीटर असते. ते सरळ रेषेतच कापतात; गोल काप बहुधा नाहीच. अंगाला जास्त झालेले कापड कातरून टाकीत नाहीत, शिवणीत दुमडून ठेवतात. धुण्यासाठी पूर्वी सारा किमोनो उसवून त्याच्या पट्ट्या करीत आणि धुऊन पुन्हा शिवीत. डावी बाजू नेहमी उजवीवर यावयाची; उलट नेसवितात ते फक्त मृतास. आणि आम्हांस विशेष वाटले ते हे की, कमरेच्या रुंद पट्ट्यासह किमोनो नीट नेसणे तेथील स्त्रियांनाही एकटीने सहज साधत नाही. म्हणूनच त्याचे वर-खाली दोन तुकडे करण्याची कल्पना तिकडे निघाली. १९४२ साली ऐन युद्धात जपानी सरकारने स्त्रियांसाठी जो प्रमाण वेष ठरविला, त्याच्या जपानी घाटातही असा दोन तुकड्यांचा प्रकार होता. तो वेष फारसा कोणी वापरला नाही. सरकारी परिपत्रकांचे भवितव्य आम्हांस ठाऊक असल्याने त्याचे आश्चर्य वाटले नाही.

पहिला जोड तयार झाला. मातोश्रींनी तो हातात घेतला, खाली-वर पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर परकर-पोलके! सातव्या वर्षी घालत होते ते आता सत्तरीला घालू?" थोड्या वेळाने, जरा हळू आवाजात, "आणि याला पदर कुठे आहे?"

या दुसऱ्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. मग आम्ही कारकुनाच्या सवयीने पूर्वीचे प्रकरण शोधले, आणि ते बालीगंजमध्येच सापडले. येथील स्टोअर रोडवर, म्हणजे आजच्या गुरुसदय रोडवर, ज्या आवारात १९५९ साली बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालय उघडले, तेथे पूर्वी ज्ञानदानंदिनी देवींचे घर होते. त्यांचे यजमान सत्येंद्रनाथ ठाकूर, रवींद्रनाथांचे वडील बंधू, हे आय.सी.एस. परीक्षा उत्तीर्ण झालेले पहिले भारतीय. १८६४ मध्ये त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि १८९७ मध्ये ते निवृत्त झाले ते साताऱ्याच्या न्यायाधीशपदावरून. आमच्यासारखेच बदलीवरचे माणूस. फक्त दिशा उलट आणि पगार मोठा! याच घराण्याचा जपानशीही स्नेह जडला. कलापंडित ओकाकुरा १९०२ साली कलकत्त्यास आले, तेव्हा या दांपत्याचे चिरंजीव सुरेंद्रनाथ यांच्याशी त्यांची मैत्री जमली.

ठाकुरांच्या वाड्यातील स्त्रिया त्या काळी घरात एकच साडी गुंडाळीत. तेवढ्यावर चार लोकांत जाणे अशक्य. तेव्हा पत्नीस मुंबईस न्यावयाचे म्हणून सत्येंद्रनाथांनी कलकत्त्यातील एका फ्रेंच दुकानातून 'पौर्वात्य' म्हणविणारा एक पोशाख शिवून घेतला. तो इतका अवघड निघाला की, ज्ञानदानंदिनींना दुसऱ्याच्या मदतीवाचून तो अंगात घालता येईना. मुंबईस पारशी कुटुंबाच्या सहवासात त्यांनी तेथील साडीची पद्धत पाहिली, तीत आपल्या सोयीने फेरफार केला, पदर डाव्या खांद्यावर घेऊन उजवा हात मोकळा ठेवला, आणि पोलके व परकर यांसह ती नेसण कलकत्त्यास आणली. ब्राह्मो घरांतून ती बंगालभर पसरली. आज जिला आपण परंपरा म्हणतो, तिच्या मुळाशी अशी एका नोकरदाराच्या बायकोची अडचण आहे.

ही हकीकत आम्ही मातोश्रींना सविस्तर ऐकविली. साताऱ्याचे नाव निघाल्यावर त्या सावरून बसल्या. ठाकूर घराणे, ओकाकुरा, आय.सी.एस. यांपैकी कशावरही त्यांनी काही विचारले नाही. एकच विचारले, "तो फ्रेंच पोशाख तिचा तिला घालता येत नव्हता?"

"नाही."

"हं," म्हणून त्या गप्प राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून आपले जुने इरकली लुगडे काढून सुनेपुढे ठेवले. त्याचे काठ अजून धड होते, अंग मात्र ठिकठिकाणी विरले होते. "यातून कर," त्या म्हणाल्या. आणि मग कापताना शेजारी बसून त्यांनीच सूचना दिल्या. अरुंद पन्ह्याच्या खणातून चिंधी वाया न घालविता चोळी कशी बेतीत, हे त्यांनी आपल्या आजीजवळ पाहिले होते. जपानी बेत त्यांना आमच्याआधी उमगला. लुगड्याचा लाल पदर त्यांनी पोलक्याच्या डाव्या बाजूस घेतला. तो आता डाव्या खांद्यावरून उतरून छातीवरून आडवा जातो आणि उजव्या कुशीला बांधला जातो. काठाची गळपट्टी झाली. पदराचा प्रश्न पुन्हा निघाला नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी खोलीचे दार लावून घेतले. आम्ही वर्तमानपत्र समोर धरून बसलो होतो. सौभाग्यवती दोनदा दाराशी जाऊन परत आल्या. वीस मिनिटांनी दार उघडले. एक बंद जरा सैल होता. तो कोणी हात लावून नीट केला नाही.

आता त्या संध्याकाळी रवींद्र सरोवराकडे फिरावयास जातात. तेथे जवळच निचिदात्सु फुजी या भिक्षूंनी १९३५ साली स्थापन केलेले जपानी बुद्धमंदिर आहे. हेच फुजी १९३३ मध्ये वर्ध्यास गांधीजींना भेटले होते, हे समजल्यापासून मातोश्री त्या मंदिरास आपल्याकडचेच समजतात आणि सायंकाळचा ढोल संपेपर्यंत बसून राहतात. घरमालकीण बाईंच्या घरी तर त्या आमच्यावाचून जाऊन आल्या, आणि ताट रिकामे नेले नाही.

खांदा अजून पुरता सुटलेला नाही. पण परवा साताऱ्याहून धाकट्या मावशीचा दूरध्वनी आला. तिचाही हात धरला आहे म्हणे. मातोश्री अर्धा तास तिला मापे सांगत होत्या. पन्हा किती, बंद किती लांब, काठ कोठे घ्यावयाचा. मध्येच त्यांचा आवाज चढला.

"शिंपी ऐकायचा नाही, तू समोर बसून राहा. त्याला बजावून सांग, मुंढा काढायचा नाही!"