पेट्यातला छर्रा

गेल्या नोव्हेंबरात एका रविवारी बदकाच्या रश्श्यात माझ्या दाताखाली छर्रा आला. यात नवल काही नाही. शिकारीचं मांस खायचं म्हटलं की हे व्हायचंच, आणि म्हणूनच मी तुकडे करताना लोहचुंबक धुऊन वरून फिरवून घेते. स्टीलचा छर्रा वरवर असेल तर आपसूक येऊन चिकटतो. त्या दिवशीही फिरवला होता, काही लागलं नव्हतं. आणि तरी हा आला. पण स्टील दाताखाली आलं की कानशिलापर्यंत जो झणका जातो तो नाही. आधी जरा चेपला, मग चुरला. घास तोंडात धरून मी तशीच बसले. चेपणारा छर्रा दाताखाली येऊन मला पन्नासच्या वर वर्षं झाली होती.

बदकं शेजाऱ्यानं दिलेली. त्याला फोन करून विचारलं, शिसं वापरलंस का? तो चिडलाच. इलिनॉय नदीवर, बदकांवर, शिसं? परवाना जाईल आणि चारचौघांत तोंड दाखवायची सोय राहणार नाही ती वेगळीच. वडिलांची जुनी दुनळी बाहेर काढली होती म्हणाला. तिच्या नळ्यांना स्टील सोसत नाही, म्हणून बिस्मथची काडतुसं आणली. बिस्मथ चुंबकाला दाद देत नाही. उलगडा झाला. पण दाताला पटलेली ती ओळख मला पार नांदूरला घेऊन गेली होती, आणि तिथून मी काही लवकर परतले नाही.

नांदूर-मध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा मिळतात तिथलं बंधाऱ्यामागचं उथळ पाणी. अभयारण्य झालं १९८६ मध्ये आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. मी सांगतेय ते त्याच्या कितीतरी आधीचं, वन्यजीव कायदाही आला नव्हता तेव्हाचं. माझं आजोळ तिथून बैलगाडीच्या अंतरावर. मामाकडे बारा बोअरची दुनळी आणि जपून वापरायची विलायती काडतुसं. थंडीत अंधारातच मामा आणि माझे दोघे भाऊ निघायचे, उन्हं वर आली की परत. मला कधी नेलं नाही. का नेलं नाही हे कुणाला सांगावंसं वाटलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही, याचा राग मला पुढे फार वर्षांनी आला, आणि मग तो गेलाच नाही.

माझ्या वाट्याला यायची ती परसदारी पाटीत टाकलेली बदकं. तलवार बदक, थापट्या, क्वचित हळदीकुंकू. मी पिसं उपटायची, आजी चिरायची. मांसात काळा धागा शिरलेला दिसला की बोट थांबवायचं, हे तिनं शिकवलं: छर्रा घुसताना पिसाचे तंतू आत ओढून नेतो, त्या धाग्याच्या टोकाशी तो सापडतो. मग कोयतीच्या टोकानं उचकटून काढायचा. तरी एखादा राहायचा आणि जेवताना कुणाच्या तरी दाताखाली यायचा. शिसंच ते, दाताची खूण उमटून ताटात पडायचं. मामा ती खूण सगळ्यांना दाखवायचा.

एकदा आजीनं एका बदकाचा पेटा चिरला, आतले खडे धुतले, पिवळं कातडं सोलायला घेतलं आणि थांबली. खड्यांमध्ये दोन छर्रे होते. नेहमीसारखे गोल नव्हेत. झिजून मसुराच्या डाळीसारखे चपटे झालेले, काळे, गुळगुळीत. तिनं पेटा उलटसुलट करून बोटानं चाचपला. बाहेरून कुठंच छिद्र नव्हतं.

"भोक न्हाई याला. खाल्लं आसंल त्यानं," आजी म्हणाली.

मामा ओसरीवरून हसला. बदक काय शिसं खातंय होय? भाऊही हसले. मी हसले की नाही ते आठवत नाही. आजीनं ते दोन छर्रे डबीत टाकले आणि कातडं सोलू लागली.

आता मी काडतुसं स्वतः विकत घेते. अमेरिकेत, इलिनॉयातल्या पिओरियाला आलो ते नवऱ्याच्या नोकरीपायी, १९८८ मध्ये. मुलं मोठी झाल्यावर मी बंदुकीचा सुरक्षावर्ग केला, कार्ड काढलं, एक साधी पंपाची बारा गेज घेतली. नवऱ्याला वाटलं, हे खूळ एका हंगामाचं. बदकाचं तिकीट मात्र मी दरवर्षी घेते. १९३४ पासून निघतं ते, परवान्यावर चिकटवून आडवी सही करायची.

दुकानात स्टीलच्या काडतुसांची भिंतच असते आणि प्रत्येक खोक्यावर आकडे: लांबी, छर्ऱ्यांचं वजन, नंबर, वेग. पोरं वेगाला भुलतात. सेकंदाला साडेपंधराशे फूट दिसलं की उचललंच. मला ते पटत नाही. लोखंड हलकं, शिशाची घनता ११.३, लोखंडाची ७.९ च्या आत. हलका छर्रा जितका जोरात फेकाल तितक्या झपाट्यानं हवा त्याचा जोर खाते. जास्तीचा वेग बव्हंशी आपल्या खांद्यालाच कळतो. त्यापेक्षा छर्रा मोठा घ्यावा. शिशाचा चार नंबर पुरायचा तिथं स्टीलचा दोन, असा सर्वसाधारण हिशोब. नंबर जितका लहान तितका छर्रा मोठा: सतरातून नंबर वजा केला की व्यास मिळतो, इंचाच्या शंभराव्या भागात. दोन नंबर म्हणजे ०.१५ इंच. औंसाला सव्वाशेच्या आसपास बसतात. मी तीन इंची, सव्वा औंसाचं, दोन नंबरचं, चौदाशेच्या आसपासचं काडतूस घेते. टीलसारख्या लहानग्या बदकांना चार नंबर. आणि पस्तीस यार्डांपलीकडे बंदूक उचलत नाही, मग शेजारी कितीही कुजबुजो.

स्टीलला आणखी एक खोड आहे. शिशाचे छर्रे नळीतून जाताना चेपतात, वेडेवाकडे होतात आणि कडेकडेनं भरकटतात. नेम थोडा चुकला तरी त्या भरकटलेल्यांतला एखादा लागून जायचा. स्टील चेपत नाही. सगळे छर्रे गोलच राहतात आणि गठ्ठ्यानं जातात. म्हणून चोक, म्हणजे नळीच्या तोंडाची आवळण, सैल लावायचा, मॉडिफाइड पुरतो. जुन्या नळीच्या घट्ट चोकमधून मोठं स्टील काढायला गेलं तर नळीच फुगते. शेजाऱ्याच्या वडिलांच्या दुनळीला ते चालत नाही ते यामुळं. बिस्मथ शिशापेक्षा हलकं पण स्टीलपेक्षा जड, आणि मऊ. जुन्या बंदुकांवर माया असणाऱ्यांना ते बरं पडतं. किंमत मात्र अशी की दर बाराला माणूस मनात बेरीज करतो.

नांदूरला पुष्कळजण महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात, म्हणून आता इथं भरतपूर मध्ये घुसतंच. तिथल्या केवलादेवच्या पाण्याकाठी शिकारींच्या नोंदींचे शिलालेख आहेत. त्यांतला सगळ्यांत मोठा आकडा १२ नोव्हेंबर १९३८ चा, व्हाइसरॉय लिनलिथगोंच्या शिकारीचा: एका दिवसात ४,२७३ पक्षी. लोक तो आकडा वाचून हळहळतात. मी पाटीपाशी बसलेली, मला दुसराच हिशोब सुचतो. सहा नंबरचं काडतूस धरलं आणि पक्ष्यामागे एकच बार धरला (एका बारात एक पक्षी पडतो ही थाप आहे, पण धरू) तरी त्या दिवशी दहा लाखांवर छर्रे उडाले. पक्ष्यांच्या अंगात त्यातले किती? बाकीचे तळाच्या चिखलात. आणि बदक चिखलातून खडे वेचतं; त्याला दात नाहीत, दाणा दळायला पेट्यात खडे लागतात. त्याला खडा आणि छर्रा सारखाच.

हे मला कळलं ते पिओरियापासून नदीच्या काठानं तासाभरावर असलेल्या हॅवाना नावाच्या गावामुळं. तिथल्या नदीकाठच्या प्रयोगशाळेत फ्रँक बेलरोझ नावाच्या माणसानं हयात काढली. बदकं शिसं गिळून मरतात ही कुणकुण १८९४ पासून होती. बेलरोझनी शिकाऱ्यांकडून हजारो पेटे गोळा करून तपासले. शंभरातल्या सहा-सात पेट्यांत शिसं निघालं. मग रानातली मॅलर्ड धरून काहींना छर्रे भरवले, काहींना नाही, सगळ्यांच्या पायात कडी घालून सोडून दिलं आणि पुढं शिकाऱ्यांकडून परत आलेल्या कड्यांवरून ताळा मांडला. १९५९ मध्ये छापलेला निष्कर्ष: दर साली शंभरातली दोन-तीन पाणबदकं शिशानं जातात. पेट्याचे स्नायूच लुळे पडतात, खाल्लेलं पुढं सरकत नाही, पंख कौलारासारखे उतरतात, आणि पोट भरलेलं असताना ते उपाशी मरतं. मक्यावर जगणाऱ्या बदकांना हा त्रास अधिक. आणि इलिनॉयात मक्याशिवाय आहे काय?

म्हणजे मामा ओसरीवर हसला त्याच्या कितीतरी वर्षं आधी हे छापून झालं होतं. पेटा चिरायचा, धुवायचा, बाहेरून भोक आहे का बघायचं, मग आत आलेला आणि गिळलेला यांतला फरक ठरवायचा. हॅवानाच्या टेबलावर जे चाललं होतं ते आजी पाटावर बसून करत होती. तिच्याकडे पेटे कमी होते, एवढंच. आणि ओसरीवर ऐकून घेणारं कुणी नव्हतं. पण ते बेलरोझनाही तसं लवकर मिळालं नाही. १९७८ मध्ये अलास्काचे सिनेटर टेड स्टीव्हन्स यांनी खर्चाच्या विधेयकात कलम घुसडलं की राज्याची संमती नसेल तर केंद्रानं स्टीलची सक्ती राबवू नये. देशभर पाणबदकांसाठी शिसं बंद झालं ते १९९१ च्या हंगामापासून. पुढं मिसिसिपीच्या स्थलांतराच्या वाटेवरच्या बदकांचे पेटे पुन्हा तपासले गेले, आणि १९९७ च्या एका हंगामात १४ लाख बदकं वाचली असावीत असा अंदाज निघाला.

तरी इथले म्हातारे शिकारी अजून कुरकुरतात. स्टील पक्षी मारत नाही, जायबंदी करतं, म्हणतात. ऐंशीच्या दशकातलं स्टील वाईट होतं हे खरं. काडतूस भिजलं की छर्रे गंजून त्यांचा गोळा व्हायचा. पण आता? साठ यार्डांवरच्या पक्ष्यावर बार टाकायचा आणि तो लंगडत गेला की धातूला शिव्या द्यायच्या. शिसं त्यांच्या चुका पोटात घालत होतं, एवढंच त्यांचं दुःख आहे.

आणि ती डबी. तपकिरीची रिकामी डबी होती आजीची, काढलेले छर्रे त्यात जायचे. भरली की भोई यायचा आणि बदल्यात मासे देऊन जायचा. शिसं वितळवून तो पट्ट्या पाडायचा, त्यांचे तुकडे जाळ्याच्या काठाच्या दोरीवर बसवायचा आणि दाढेनं आवळायचा. मी समोर उकिडवी बसून बघायचे. सगळा काठ त्यानं असा दातांनी आवळत नेलेला, मध्ये थुंकून पुन्हा पुढचा तुकडा. मामाचं शिसं बदकातून डबीत, डबीतून त्याच्या तोंडात आणि पुन्हा त्याच पाण्यात. बदकांचे पेटे मोजणाऱ्यांविषयी मी इतकं वाचलंय, पण तो माणूस म्हातारा होईपर्यंत जगला की नाही हेसुद्धा मला आजोळी कुणाला विचारायचं सुचलं नव्हतं.

म्हणून परवा मामाला फोन केला. नव्वदीला टेकलाय, नाशिकला असतो, कान शाबूत आहेत. भोई त्याला आठवला. त्याच्या माशांची चव आठवली, बाकी काही नाही. मग मी पेट्याची गोष्ट काढली. हॅवाना, बेलरोझ, सगळं सांगितलं.

"आई असं काही म्हणाली नव्हती," मामा म्हणाला. "आणि म्हणाली असेल तर अंदाजानं."

"भोक बघून म्हणाली, मामा."

"बरं बरं. तू किती नंबर घालतेस?"

"दोन."

"दोन? बदकाला? अगं, चिंधड्या उडतील. आम्ही चार घालायचो."

मी सांगितलं की लोखंड हलकं, म्हणून मोठा लागतो. शिवाय त्याचा चार विलायती मापाचा, ३.१ मिलिमीटरचा, इथं त्याला पाच म्हणतात.

"म्हणजे मी इतकी वर्षं पाच नंबरनं मारत होतो?"

"इथल्या हिशोबानं, हो."

"मग बरोबर आहे. पाचनंच बदक नीट पडतं. तुझा दोन केवढा भरतो?"

"३.८."

"तो हंसासाठी ठेव," मामा म्हणाला, आणि चोक कुठला लावतेस, ते विचारू लागला.