पहाऱ्याची वेळ



आज एका मोटारीची गोष्ट सांगणार आहे. कीर्तनाला उभा असतो तर हा विषय घेतला नसता. पण गुडघ्यांनी उभे राहणे सोडवले, आता लिहिणे तेवढे उरले आहे, आणि लिहिताना माणूस थोडा धीट होतो.

दोन वर्षांपूर्वी ज्येष्ठ महिन्यात मी इंग्लंडात कॉव्हेंट्रीला धाकट्या मुलाकडे होतो. कैक वर्षांत चुकलेली ती पहिली वारी. आळंदीहून माउलींचे प्रस्थान व्हायचे, आणि मी नातीच्या फोनवर इंद्रायणीचा घाट पाहत बसलेलो. मन कशात लागत नव्हते. मुलाच्या गॅरेजात मात्र वेगळीच लगबग चालली होती. त्याने आपल्या मोटारीचा गिअरबॉक्स बदलायला काढला होता.

मोटार म्हणजे माझदाची एमएक्स-५. छोटी, टप मागे दुमडणारी, दोघांपुरती. तिसरा माणूस आला तर त्याने चालत यावे. जपानात हिरोशिमाला बनणारी ही गाडी १९८९ साली प्रथम निघाली, आणि मुलाकडची त्या पहिल्या पिढीतलीच आहे. डोळे मिटल्यासारखे तिचे दिवे आत जातात, लावले की वर येतात. सगळी मिळून वजनाला एक टनाच्या आत. हलकी असण्यातच तिचे सगळे आहे, असे मुलगा म्हणतो. मला ती आजही निरुपयोगी वाटते, हे प्रामाणिकपणे सांगतो.

पण एक गोष्ट त्याने सांगितली ती मनात राहिली. या गाडीबद्दल बनवणारे लोक ‘जिंबा इत्ताई’ असा जपानी शब्द वापरतात. घोडा आणि स्वार एकच देह, असा त्याचा अर्थ. माउली, हे ऐकल्यावर मला दुसरे काय आठवणार? रिंगणात दोन अश्व धावतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्याची पाठ मोकळी. त्या मोकळ्या पाठीवर माउली आहेत म्हणून आपण त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतो. मुलाला हे सांगितले तर तो हसला, “अण्णा, माझ्या घोड्याचा दुसरा गिअर पडत नाही आधी ते बघू.”

दुसरा गिअर टाकला की कर्र असा आवाज यायचा. का, ते त्याने जुना गिअरबॉक्स दाखवून समजावले. इंजिन आपल्या गतीने फिरते, चाके आपल्या. मध्ये लहानमोठ्या दातेरी चाकांच्या जोड्या. एका जोडीवरून दुसरीवर जायचे तर दोघांची गती आधी सारखी व्हावी लागते. त्यासाठी आत एक पितळी कडे असते. ते फिरत्या भागाला घासून त्याला दुसऱ्याच्या गतीवर आणते, आणि मगच दाते एकमेकांत शिरतात. ते कडे झिजले की दात्याला दाता आपटतो. हे मला चटकन कळले. कीर्तनात चाल बदलताना मृदंगी आधी लय धरतो, टाळकरी त्याच्याकडे बघतात, मग सगळे मिळून पुढच्या चालीत जातात. मृदंगी थकलेला असला तर काय होते, ते मी बऱ्याच गावांत भोगले आहे.

त्याच वर्गातल्या एका भंगारात गेलेल्या गाडीचा गिअरबॉक्स त्याने मिळवला होता. तो हाताने फिरवून पाहिला, तेलाचे सील नवे घातले. एवढे उतरवायचेच आहे तर क्लचही नवा घालायचा, असा या लोकांचा रिवाज आहे आणि तो बरोबर आहे. पुन्हा कोण खाली झोपणार? गाडी चार लोखंडी घोड्यांवर चढवली. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली जायचे नाही, हे त्याने नातीला तीनदा बजावले. बॅटरी सोडली, गिअरचा दांडा आतून काढला, दोन लिटर तेल काढले. मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा ओढून घेतला. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत या गाडीला ॲल्युमिनियमची एक लांब चौकट असते, तीही उतरवली. गिअरबॉक्स निघाला की इंजिन मागे कलते, म्हणून त्याखाली लाकूड ठेवून टेकू दिला. शनिवार याच्यातच गेला.

हात काळे झाले होते. कोपरापर्यंत काळे. ते पाहत मी बसलो होतो, आणि जे चाळीस वर्षे कोणाला सांगितले नाही ते आठवत होतो.

तो चौदा-पंधरा वर्षांचा असेल. आमच्या गावी अखंड हरिनाम सप्ताह होता. वीणा सात दिवस खाली ठेवायची नाही, म्हणून पहारे लावलेले. दुपारी चार ते सहाचा पहारा त्याचा. शाळेला सुट्टी होती आणि तो एसटी स्टँडजवळच्या मोटार गॅरेजात काम शिकायला जात असे. मला ते पसंत नव्हते. त्या दिवशी काम लांबले, आणि पहारा चुकू नये म्हणून तो तिथून धावतच मंडपात आला. आधीच्या पहारेकऱ्याच्या पाया पडून त्याने वीणा गळ्यात घेतली. वीण्याच्या दांडीवर ग्रीसची बोटे उमटली. मी पुढे होऊन ती वीणा त्याच्या गळ्यातून काढली. सगळ्यांसमोर म्हणालो, “हे हात वीण्याला लावायचे नाहीत.” तो काही बोलला नाही. खाली मान घालून मंडपाबाहेर गेला. त्यानंतर माझ्या कीर्तनात मागे कधी उभा राहिला नाही.

आणि माउली, त्या रात्री माझे निरूपण गोरोबाकाकांवर होते. चिखल तुडवणाऱ्या पायांचे मोठेपण मी दोन तास सांगितले. लोक रडले. मीही रडलो. घरी गेल्यावर मुलाच्या ताटात काय वाढले होते, तो जेवला की नाही, हे मी विचारले नाही. या दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या हे माझ्या ध्यानात यायला किती वर्षे लागली, ते लिहायला लाज वाटते.

रविवारी गिअरबॉक्स वर चढवायचा होता. वजन पस्तीस किलोच्या आसपास. ते जॅकने पेलले, पण त्याचे शेपूट किंचित वर-खाली करायला कोणीतरी हवे होते. दांड्याच्या भोकातून खाली एक पट्टा सोडला होता. आतली बैठक काढून ठेवलेली. दाराशी स्टूल टाकून मी बसलो आणि पट्टा धरला. तो हाताला काचू लागला तसे उपरणे गुंडाळले. मुलगा गाडीखाली. मला त्याचा आवाज तेवढा ऐकू यायचा. “अण्णा, अंमळ वर. बस. थोडं खाली.” आयुष्यभर मी हाताच्या इशाऱ्याने टाळकऱ्यांना वर-खाली नेले; आता मला कोणी नेत होते.

गिअरबॉक्सच्या तोंडातून पुढे आलेल्या दांड्यावर खाचा असतात. त्या क्लचच्या तबकडीतल्या खाचांत बसाव्या लागतात, आणि टोक इंजिनाच्या मधल्या लहानशा भोकात. तबकडी मधोमध राहावी म्हणून खोटा दांडा घालून ती आधीच बसवलेली होती. तरी बोटभर फट राहिली. तासभर झाला, फट तेवढीच.

मी म्हणालो, “बोल्ट घालून आवळ की, येईल ओढून.”

“नाही अण्णा. ओढलं तर तबकडी वाकते, नाहीतर कवच तडकतं. वजन तबकडीवर टांगूनही ठेवायचं नाही. सरळ धरायचं, मागून फिरवत राहायचं. तो आपणहून बसतो.”

मी धरून राहिलो. बराच वेळ कोणी बोलले नाही. तोंड दिसत नव्हते म्हणूनच असेल, मी म्हणालो, “सप्ताहात तुझी वीणा काढून घेतली होती, आठवतं? ते माझं चुकलं.”

खालून पान्याचा आवाज थांबला. मग तो म्हणाला, “अण्णा, अंमळ वर.”

मी पट्टा वर घेतला.

कीर्तनात ही गोष्ट सांगितली असती, तर त्याच क्षणी गिअरबॉक्स बसवला असता. तसे झाले नाही. सूनबाईंनी चहा आणला, तो घेतला, आणि त्यानंतर दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला ते धूड बारीक टक् आवाज करून पुढे सरकले. फट गेली. बोल्ट हातानेच फिरले. नातीने टाळ्या वाजवल्या. मुलगा खालून सरपटत बाहेर आला, भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, “मी चार वाजायच्या आत पोचलो होतो त्या दिवशी. पाच मिनिटं आधी.”

मला हे माहीत नव्हते.

संध्याकाळी घरात हरिपाठ म्हणतो आम्ही, मी असलो की. तिकडे उन्हाळ्यात नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, त्यामुळे सांजेची वेळ घड्याळातच बघावी लागते. टाळ मी इथूनच नेले होते. एक जोडी त्याच्यापुढे केली. तो म्हणाला, “हात धुऊन येतो.”

मी म्हटले, “राहू दे, घे तसेच.”

तो ऐकला नाही. बराच वेळ साबणाने हात चोळत राहिला आणि मगच आला. नखांच्या कडा तरी काळ्याच होत्या. माझ्या उपरण्यालाही गिअर ऑईल लागले होते, त्याचा वास भारी उग्र असतो. सूनबाईंनी दोनदा धुतले तरी डाग गेला नाही. तेच खांद्यावर घेऊन मी बसलो, त्याने टाळ घेतले, आणि लय त्यानेच धरली.