चिमटीतलं पोट

पोटाचं माप सकाळी घ्यायचं. शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, ताठ उभं राहून आणि श्वास सहज सोडून. टेप नाभीच्या रेषेत सगळीकडून सारखा हवा. मागे कमरेवर तो हमखास खाली घसरतो, म्हणून आरशात पाहायचं किंवा दुसऱ्याला धरायला सांगायचं. मग नाभीपासून दोन बोटं बाजूला अंगठ्याने आणि तर्जनीने कातडी धरायची आणि हलकेच ओढायची. चिमटीत येते ती कातडी आणि तिच्याखालची चरबी. स्नायू चिमटीत येत नाही, तो खालीच राहतो. यवतमाळात मी जिम चालवतो. "सर, कट्स कधी दिसतीन?" असं विचारणाऱ्या प्रत्येक पोट्ट्याला मी आधी त्याच्याच पोटावर चिमटी धरायला लावतो.

पोटाचा तो सरळ स्नायू प्रत्येकालाच असतो. बरगड्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत जाणारे दोन उभे पट्टे, मधोमध एक उभी रेषा आणि काही आडव्या कंडरा. या कंडरांमुळेच चौकोन पडतात. कोणाला सहा पडतात, कोणाला चार, कोणाला आठ; कोणाचे एका पातळीत, कोणाचे डावे-उजवे खालीवर. ते जन्मतःच ठरलेलं असतं. व्यायामाने स्नायू जाड होतो आणि मधल्या खाचा खोल होतात, इतकंच. त्या खाचा बाहेर दिसणार की नाही हे वरच्या चरबीवर अवलंबून. पुरुषाच्या अंगातली चरबी वजनाच्या साधारण १० ते १२ टक्क्यांवर आली की रेषा उमटतात. चरबी आधी कुठून जायची हेही शरीरच ठरवतं, आणि पुरुषांत नाभीखालची बहुधा सगळ्यात शेवटी जाते. रोज पाचशे सिट-अप्स मारल्या तरी पोटाचा स्नायू आपल्याच डोक्यावरची चरबी खात नाही. रक्तातून येईल ते इंधन तो घेतो, मग ते दंडावरून येवो की मांडीवरून.

२००७मध्ये 'ओम शांती ओम'मध्ये शाहरुख खान आणि २००८मध्ये 'गजनी'त आमिर खान उघड्या अंगाने पडद्यावर आले. तेव्हापासून 'सिक्स पॅक' हा शब्द दारव्हा, दिग्रस, पांढरकवड्यापर्यंत पोचला तो कायमचा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या शब्दाच्या ओढीने का होईना, पोट्टे पानठेल्यावरून उठून व्यायामाला आले. माझी तक्रार त्या शब्दासोबत आलेल्या उपासाबद्दल आहे.

आमच्याकडे येणारा पोट्टा साधारण असा असतो. वजन साठच्या आत, दंड बारीक, खांदे उतरलेले आणि बेल्टच्या वर हाताला लागणारी मऊ चरबी. वजनकाटा म्हणतो हा सडपातळ आहे, चिमटी म्हणते नाही. हे असं का, हे समजायला मला पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाचा फार उपयोग झाला. केईएम रुग्णालयातल्या या डॉक्टरांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा १९९३पासून अभ्यास केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं लहान होती, पण त्यांच्यात खरी उणीव स्नायूची होती. चरबी त्या मानाने टिकून होती. पुढे २००४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टरांनी चक्क स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. वजन आणि उंची यांचा मेळ सारखा, आणि आतला माल निराळा.

हा फोटो मी नव्या मुलांना दाखवतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ज्याच्या अंगात मुळात स्नायू कमी आहे त्याने जेवण तोडलं, तर चरबीबरोबर तो तुटपुंजा स्नायूही जातो. वजन पाच किलोने उतरतं, गालफडं बसतात, आणि पोट तसंच मऊ राहतं. परदेशातला ट्रेनर ज्या तक्त्याला 'कटिंग' म्हणतो तो आधीच भरलेल्या अंगासाठी लिहिलेला असतो. आमच्या पोट्ट्याने आधी खायला शिकलं पाहिजे. चांगले सहा-आठ महिने पोटभर, नीट, वजन उचलत खाल्लं की मग कमी करायची भाषा.

याला आणखी एक कारण आहे आणि ते मला पुस्तकातल्या कारणापेक्षा जवळचं वाटतं. हा जिल्हा कापसाचा, आणि कापूस पिकवणाऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर ओळखला गेलेला. इथल्या कितीतरी घरांत मायने स्वतः पाणी पिऊन झोपावं आणि लेकरांच्या ताटात भाकर वाढावी, ही फार जुनी गोष्ट नाही. अशा घरातल्या पोराला 'रात्रीचं जेवण बंद कर' असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. बाजार समितीत पोती वाहणाऱ्या हमालाच्या पोटावर रेषा दिसतात आणि उन्हातान्हात कापूस वेचणाऱ्या बाईचं पोट पाठीला लागलेलं असतं. हमालाची पाठ खरोखर ताकदीची असते. पण त्या बाईच्या सपाट पोटामागे पुष्कळदा रक्ताची कमतरता असते, आणि तिला कोणी तब्येतीची म्हणत नाही.

तर ताट. पहिल्या दिवशी मी वहीत लिहायला लावतो की काल काय खाल्लं. उत्तरं ठरलेली. सकाळी चहा-पोहे, वर तर्री. दुपारी पोळ्या आणि आलूची भाजी. संध्याकाळी ठेल्यावर आलूबोंडा. रात्री वरण-भात, त्यात वरण पातळ. मधे दोन-तीन कट चहा आणि, विचारलं तर कबूल होतो तो, सुपारी-तंबाखूचा खर्रा. या ताटात पोट भरतं, पण अंग भरायला लागणारं प्रथिन जेमतेम ४० ग्रॅमच्या आसपास जातं. वजन उचलणाऱ्याला किलोमागे साधारण १.६ ग्रॅम लागतं, म्हणजे ६० किलोच्या पोराला ९६ ग्रॅम. दोन भाकरींत सुमारे १२ ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात, म्हणजे ३० ग्रॅम तुरीच्या डाळीत, साडेसहा. अंड्याला ६. दुधाच्या मोठ्या पेल्यात ८. मूठभर फुटाण्यांत ६. आणि सोयाबीनच्या वड्या ५० ग्रॅम भिजवून, पिळून, भाजीत टाकल्या की एका झटक्यात २५-२६ ग्रॅम.

"काहून रे, घरी सोयाबीन नाही पिकत?"

"पिकते ना सर. पण विकतो."

हे उत्तर मला दर वेळी बोचतं. या जिल्ह्यात कापसाच्या खालोखाल जिथे-तिथे सोयाबीन आणि तूर. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये ३६ ते ४० ग्रॅम प्रथिन, जवळजवळ कोणत्याही डाळीच्या दीडपट. ते निघतं, पोत्यात भरतं, बाजार समितीत जातं, तिथून तेलाच्या कारखान्यात. आणि त्याच घरातला पोट्टा तीन हजारांचा पावडरचा डबा घ्यायला बापाच्या मागे लागतो. तो डबा अस्सल आहे की नाही हेही त्याला कळत नाही. घरात अंडी शिजवू न देणाऱ्या आया असतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. दूध, ताक, डाळ, वड्या, फुटाणे यांत हिशेब बसतो.

अंग भरलं, चिमटी घेताना खाली कडक काहीतरी लागायला लागलं, की मग कमी करायचं. रोजच्या गरजेपेक्षा तीनशे ते पाचशे कॅलरी कमी, त्याहून जास्त नाही. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी, तेव्हा आठवड्याला अर्धा किलो उतरला तर गती चांगली. भाकरीला हात लावायची गरज पडत नाही. तेल मोजलं तरी पुरे. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी असतात, आणि आपल्या तर्रीवर तरंगणारं तेल कोणी चमच्याने मोजत नाही. आलूबोंडा गेला, चहातली साखर अर्ध्यावर आली, तर्री रविवारवर गेली, की बाकीचं ताट तसंच राहतं. खर्रा भूक मारतो म्हणून काही पोट्टे तो 'डाएट'सारखा वापरतात. तोंडाच्या कर्करोगाची गाठ घेऊन वैद्यकीय महाविद्यालयाच्या रांगेत उभी असलेली तिशीतली माणसं या शहरात दिसतात. यावर मी कधी हसण्यावारी बोलत नाही.

व्यायामात मला सगळ्यात जास्त वेळ शिकवावी लागते ती एक साधी वाटणारी गोष्ट, बारला लटकून पाय वर घेणं. पोट्टा लटकतो, झोका घेतो, पाय फटकन वर फेकतो आणि वीस मोजतो. त्या विसांत पोटाने काहीच केलेलं नसतं. काम मांडीच्या मुळाशी असलेल्या स्नायूंनी आणि झोक्याने केलेलं असतं. मी त्याला थांबवतो. आधी नुसता लटक, अंग स्थिर होऊ दे. खांदे कानांपासून खाली. मग गुडघे वाकवून वर घे, आणि गुडघे कमरेच्या उंचीला आले की खरं काम सुरू होतं: आता कंबर वळव, बेल्टचा बकल हनुवटीकडे ने. तिथे श्वास पूर्ण सोड. माझी दोन बोटं त्याच्या नाभीखाली असतात. बरोबर झालं की बोटांखाली तो पट्टा एकदम दगडासारखा होतो, आणि पोट्ट्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटतं. मग तीन मोजत खाली. असे सहा झाले तरी पहिल्या दिवशी खूप झाले. आठवड्यातून दोन-तीनदा, आणि तेही बैठका, डेडलिफ्ट, पुल-अप्स झाल्यावर. मोठ्या स्नायूंची कामं आधी.

आपल्याकडे हे ज्ञान नवं नाही. इथून जवळच अमरावतीला श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, वैद्य बंधूंनी १९१४मध्ये उभं केलेलं. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांच्या पथकाने तिथे भारतीय व्यायामप्रकार करून दाखवले होते. मल्लखांबावर चढणाऱ्या मुलाचं पोट पाहा. त्याने आयुष्यात एक क्रंच मारलेला नसतो, पण खांबाला मिठी मारून उलटं होताना पोट ढिलं पडलं तर तो खाली येतो, म्हणून ते कधी ढिलं पडत नाही. दुसरं नाव मी आवर्जून घेतो ते स्वामी कुवलयानंदांचं. बडोद्याला प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेला हा माणूस. त्यांनी १९२४मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि नौलीसारख्या क्रियेत आतड्यातला दाब यंत्राने मोजला. नौलीत तो दाब बाहेरच्या हवेच्याही खाली जातो. मधल्या नौलीत पोटाचे तेच दोन सरळ पट्टे बाकीच्या पोटापासून सुटे होऊन दोरासारखे उभे राहतात. पोटाचा स्नायू ताब्यात असणं कशाला म्हणतात हे पाहायचं तर ते पाहावं. त्यासाठी फोटोतली रोषणाई लागत नाही.

फोटोचा विषय निघाला म्हणून सांगतो. स्पर्धेच्या किंवा शूटिंगच्या आधी पाणी तोडून, मीठ तोडून कातडी कागदासारखी करतात. ती अवस्था एक-दोन दिवसांची असते आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीही धोक्याची असते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्या उन्हात पोटाला प्लास्टिक गुंडाळून, वर जॅकेट घालून पळणारा एखादा पोट्टा दर वर्षी भेटतोच. त्याचा जो किलो उतरतो तो घामाचा, आणि दोन तांबे पाण्यात तो परत येतो. मी जॅकेट काढायला लावतो, लिंबू-मिठाचं पाणी देतो आणि पळायला पहाटे पाचला बोलावतो.

मुलीही येतात आता, आणि त्यांना मी वेगळं सांगतो. बाईच्या शरीराला चरबी जास्त लागते. १८-२० टक्क्यांच्या आसपास पोटावर रेषा दिसू लागतात आणि कित्येकींना तिथवर जाणं मानवतही नाही. पाळी लांबली किंवा बंद झाली तर तो शरीराचा थेट निरोप असतो: जेवण कमी पडतंय. त्या दिवशी तक्ता फाडायचा.

माझ्याकडे येणाऱ्यांत अर्धेअधिक पोलीस भरतीचे. पोरांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मिळून ५० गुण. तिथे पोटावरच्या रेषांना एकही गुण नाही. पण हेच पोट्टे वर्षभर नीट जेवून, बैठका मारून, गोळा फेकून तयार होतात आणि एक दिवस आरशासमोर शर्ट वर करून थबकतात. वरच्या चार रेषा आलेल्या असतात. खालच्या दोन नसतात, त्यांची मी घाई करू देत नाही. भरतीच्या आधी दोन महिने कोणाचंही जेवण कमी करायचं नाही, हा माझ्याकडे नियम आहे.

सध्या मी घरोघरच्या चक्कीच्या मागे लागलो आहे. सोयाबीन विकताना एक पोतं घरी ठेवा, असं पोट्ट्यांच्या बापांना सांगतो. कच्चं दळायचं नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिन पचू न देणारे घटक असतात. उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं शिजवायचं, चोळून साल काढायचं, उन्हात कडकडीत वाळवायचं आणि दहा किलो गव्हात एक किलो टाकून दळून आणायचं. एका मायने पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा पोळी जरा खरखरीत झाली, म्हणून पुढच्या दळणाला तिने चक्कीवाल्याला बारीक दळायला सांगितलं. आता घरात तिघंही तीच पोळी खातात, आणि पोट्ट्याच्या धाकट्या बहिणीचा डबाही त्याच पिठाचा जातो.