आबांचं बिऱ्हाड

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर डीटीपीचं छोटं दुकान आहे. पत्रिका, पावतीपुस्तकं, स्मरणिका, दिवाळी अंक अशी कामं तिथे होतात. आत शिरलात की उजव्या कोपऱ्यात आबा बसलेले दिसतील. कधीकाळी ते पांढरे होते, आता जुन्या वर्तमानपत्राच्या रंगाचे झालेत. कपाळावर गेल्या दसऱ्याचं कुंकू आहे आणि त्याखाली त्याच्या आधीच्या दसऱ्यांचं. दुकानात त्यांना कोणी ‘तो कॉम्प्युटर’ म्हणत नाही. ‘आबा उठले का?’ असंच विचारतात.

आबा सावकाश उठतात. बटण दाबलं की पंखा घरघरतो, पोटातून एक ‘टुक’ येते आणि काळ्या पडद्यावर तक्रार उमटते: तारीख-वेळ लागलेली नाही, पुढे जायचं तर एफ-वन दाबा. ऑपरेटर ताई एफ-वन दाबतात आणि चहाचं आधण ठेवायला जातात. चहा गाळून होईपर्यंत विंडोज एक्सपीची ती हिरवी टेकडी आलेली असते. आतला नाण्याएवढा सेल केव्हाच संपलाय आणि सेल बसवायची खाचही तुटलीय. त्यामुळे आबांच्या लेखी रोजच १ जानेवारी २००२ असते. पाऊस पडो, गणपती येवोत, आबांचं नवीन वर्ष नुकतंच सुरू झालेलं असतं.

कामाला बसले की मात्र त्यांचा रुबाब बघावा. पेजमेकर हे त्यांचं दैवत. २००१ साली आलेली त्याची सातवी आवृत्ती शेवटची ठरली, पण हे आबांना सांगायची कोणाची छाती नाही. दोनशे पानांचा अंक ते पोटात घेतात, ताईंच्या बोटांची लय त्यांना पाठ आहे. दुसरं कोणी खुर्चीवर बसलं, भराभर माउस फिरवला, की घड्याळ दाखवून स्तब्ध बसतात. ताई येऊन नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या तरी पुन्हा चालू लागतात, असं दुकानातली माणसं शपथेवर सांगतात. ताईंचा त्यांच्यावर जीव आहे, पण विश्वास बेताचाच. दर परिच्छेदाला त्यांचा हात कंट्रोल-एसवर जातो, देवळासमोरून जाताना जसा कपाळाला जातो तसा.

आबांच्या पाठीला एक ताईत बांधलेला आहे. प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टमध्ये खोचलेली ही काडेपेटीएवढी वस्तू म्हणजे मराठी टंकांच्या सॉफ्टवेअरचं लॉक. डोंगल म्हणतात त्याला. हा ताईत असला तर आबांना मराठी येतं. काढला तर टायपिंगच बंद. एकदा साफसफाईत तो निघाला आणि कचऱ्याच्या डब्यात गेला. संध्याकाळपर्यंत अख्खं दुकान कागदाच्या कपच्यांत हात घालून बसलं होतं. सापडला तेव्हा मालकांनी पेढे आणले.

यंदाच्या पाडव्याला मालकांनी नवा संगणक आणला. काळा, सडपातळ, सीडीचा कप्पा नसलेला. बटण दाबताच हजर. ‘चहा ठेवायलासुद्धा वेळ देत नाही हो हा,’ ताई म्हणाल्या. आता आबांचं बिऱ्हाड त्याच्याकडे हलवायचं ठरलं.

हार्डवेअरचं काम करणारा मुलगा आला. सोबत शिकाऊ पोरगा होता. त्याने आबांच्या पडद्यावरची सगळी चित्रं निवडली, पेनड्राइव्हवर टाकली आणि म्हणाला, ‘झालं काका.’ एवढ्या वर्षांचा संसार निमिषात कसा आटोपला, याचं मालकांना कौतुक वाटलं. पेनड्राइव्हवर होत्या एक-एक, दोन-दोन केबीच्या पाट्या, म्हणजे शॉर्टकट. घरं आबांकडेच राहिली, दारावरच्या नावाच्या पाट्या तेवढ्या आल्या.

मग पेजमेकरचा अख्खा फोल्डर उचलून आणला. तोही चालेना. का, ते समजून घेतलं की आबांच्या स्वभावाची गुरुकिल्ली मिळते. फाइल म्हणजे भांडंकुंडं. टेम्पोत घातलं की पोहोचलं. प्रोग्रॅम मात्र घरातल्या माणसासारखा असतो. तो राहायला येतो तेव्हा विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे रेशनकार्डावर, त्याचं नाव चढतं. त्याचं काही सामान सिस्टिम फोल्डरमध्ये, सगळ्यांच्या सामाईक कोठीत ठेवलेलं असतं. टंक तिसऱ्याच खोलीत. माणूस उचलून नव्या घरी नेला तरी कार्डावर नाव नाही, कोठीत डबा नाही, तो उभा राहणार कसा? प्रोग्रॅम नव्या जागी मुळापासून बसवावा लागतो, त्याला सीडी लागते, सीडीला कप्पा लागतो आणि ताईताला पंचवीस भोकांचं पोर्ट. नवा संगणक पाठमोरा केला तर त्यातलं काही नव्हतं.

निदान भांडी तरी हलवू, असं ठरलं. आबांचं यूएसबी पहिल्या पिढीचं, सेकंदाला जेमतेम एक एमबी देणारं. तीस जीबीला आठ-साडेआठ तास, तेही मधे वीज गेली नाही तर. शेवटी पोट उघडून डिस्कच बाहेर काढली, रुंद पट्टीची केबल सोडवली आणि कन्व्हर्टर लावून ती वर्तमानपत्रावर ठेवली. उघड्यावर ती गुणगुणत होती, मधूनच अडखळत होती. ताईंनी तिच्यावर हात ठेवून पाहिला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि टेबलफॅन तिच्याकडे वळवला.

फाइली आल्या आणि आबांच्या विसराळूपणाचं खरं बिल आलं. गेल्या कित्येक वर्षांतल्या प्रत्येक फाइलवर तारीख एकच: १ जानेवारी २००२. एका ग्रंथालयाच्या एकाच स्मरणिकेच्या ‘फायनल’, ‘फायनल-२’, ‘खरी फायनल’, ‘सरांनी बघितलेली’ आणि ‘ही घ्यावी’ अशा पाच फाइली. नवी कोणती, हे नव्या संगणकाला ठरवता येईना. ताईंना आलं. ‘सरांनी बघितलेली’मध्ये अध्यक्षांचं आडनाव चुकलं होतं, ते ‘ही घ्यावी’त दुरुस्त केलंय, हे त्यांना आठवत होतं.

पण मोठा धक्का पुढे होता. पेजमेकरच्या फाइली थेट उघडणारं इनडिझाइन सीएस-सिक्सपर्यंतच होतं. ते २०१२चं. पुढच्या आवृत्त्यांनी ती ओळख सोडली. मजकूर वेगळा काढून पाहिला, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के आणि डॉलर यांचा काला. ग्रंथालयाच्या स्मरणिकेतलं एक अक्षर वाचता येईना.

इथे आबांचं एक गुपित सांगायलाच हवं. जन्मभर मराठी छापणाऱ्या आबांना मराठी येत नव्हतं. ते इंग्रजी अक्षरांचीच चिन्हं साठवत आणि टंक त्यांना मराठी कपडे चढवी. अर्धा क एका खणात, काना दुसऱ्या, रफार तिसऱ्या, जुन्या छापखान्यातल्या खिळ्यांच्या केससारखं. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम अशी घराणी होती आणि प्रत्येकाची खणांची मांडणी वेगळी. तो टंक गेला की कपडे उतरतात. युनिकोडने देवनागरीला १९९१पासून स्वतःच्या १२८ जागा दिल्या आहेत. तिथे क हा कुठेही क असतो. आपल्या छोट्या दुकानांपर्यंत ते पोहोचायला मात्र फार वर्षं गेली.

जुन्या टंकांतला मजकूर युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर आहेत, पण त्यांना आबांचं वळण पुरतं कळत नाही. आबा दिसतं तसं लिहितात. ‘किती’मधली पहिली वेलांटी ते क-च्या आधी टाकतात, युनिकोडमध्ये ती क-च्या नंतर येते. ‘सूर्य’ लिहिताना आबा आधी य लिहून मग वर रफार चढवतात, युनिकोड र आधी मागतो. रूपांतरात एखादा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, एखादी वेलांटी पोरकी होते. म्हणून प्रत्येक पान पुन्हा वाचावं लागतं, मूळ छापील प्रत शेजारी ठेवून.

मला याची मनापासून काळजी वाटते. गावोगावच्या शाळांच्या, ग्रंथालयांच्या स्मरणिका, पदरच्या पैशांनी काढलेले कवितासंग्रह, कुलवृत्तान्त असं कितीतरी मराठी अशाच कुठल्या कुठल्या आबांच्या पोटात आहे. डिस्क एक दिवस गुणगुणायची थांबते आणि ताईत कचऱ्यात जाऊन सापडत नाही. भंगारवाला आबांना वजनावर मागत होता. मालकांनी त्याला पाणी दिलं आणि परत पाठवलं. ते बरं केलं.

डिस्क पुन्हा आबांच्या पोटात गेली आहे. इंटरनेटची वायर काढून टाकली, कारण एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४लाच बंद झाली आणि या वयात त्यांना बाहेरची हवा सोसणार नाही. नवी कामं नवा करतो, भराभर करतो. दुपारी जेवणानंतर दुकान शांत झालं की ताई खुर्ची कोपऱ्याकडे सरकवतात, बटण दाबतात, एफ-वन दाबतात. चहा होतो. आबांच्या पडद्यावरचं पान आणि नव्याच्या पडद्यावरचं रूपांतर शेजारी शेजारी ठेवून त्या मोठ्याने वाचू लागतात. ग्रंथालयाच्या स्मरणिकेची चौऱ्याऐंशी पानं झाली आहेत. आज पंच्याऐंशीवं आहे आणि त्यात ‘कार्यकारिणी’ हा शब्द सात वेळा आलाय. ताईंनी लाल पेन उघडलं आहे.