निष्क्रिय खाती

माणूस का विसरतो, हा प्रश्न मोठमोठ्या विद्वानांनी चघळला आहे. पण त्याचा अभ्यास करायला बँकेच्या काउंटरइतकी सोयीची जागा नाही. इथं लोक लॉकरची किल्ली घरी विसरतात, चेकवर तारीख विसरतात. एक गृहस्थ तर स्वतःची सहीच विसरून आले होते. "तुमच्याकडं नमुना आहे ना? मग जरा बघून सांगा, मी शेवटी शेपूट काढतो की टिंब देतो?" असं त्यांनी मलाच विचारलं!

मी पडलो कॉमर्सवाला. मानसशास्त्राचे वर्ग आमच्या कॉलेजात वरच्या मजल्यावर भरत आणि आमची झेप कँटीनपर्यंतच होती. तरीपण वीस वर्षं काउंटरवर काढल्यावर माझी खात्री झाली आहे, की विसरण्याचा सगळा कारभार बँकेच्याच नियमांनी चालतो.

नियम पहिला : जे भरलंच नाही, ते काढता येत नाही. चष्मा ठेवताना आपलं लक्ष मॅचकडं असतं. म्हणजे स्लिप लिहिली, पण पैसे भरलेच नाहीत. मग "इथंच तर ठेवला होता!" म्हणून घर डोक्यावर घेण्यात काय अर्थ? (चष्मा तेव्हा बहुधा डोक्यावरच असतो.)

नियम दुसरा : घसारा. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन गृहस्थानं 1885 साली यावर पुस्तकच लिहिलं. त्यानं निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ केल्या आणि त्या किती विसरतो ते मोजलं. प्रयोगातला उंदीरही तोच आणि कारकूनही तोच! त्याच्या हिशेबानं पहिल्या तासाभरातच निम्म्याहून जास्त माल गायब, दिवसाअखेर दोनतृतीयांश. पण पुढं घसरगुंडी मंदावते, आणि महिन्यानंतरही पाचवा हिस्सा शिल्लक राहतो. बी. कॉम.ला आम्ही हेच 'रिड्यूसिंग बॅलन्स' म्हणून घोकलं होतं. पहिल्या वर्षी घसारा जबर, मग कमी कमी, आणि शून्य कधीच नाही.

नियम तिसरा सगळ्यांत महत्त्वाचा : निष्क्रिय खातं. दोन वर्षं खातेदारानं काही उलाढाल केली नाही, की खातं निष्क्रिय. दहा वर्षं झाली, की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत. लोकांना वाटतं, पैसे बुडाले. बुडत नाहीत हो! ओळख पटवा आणि घेऊन जा.

आठवणींचंही तसंच. टुल्व्हिंग आणि पर्लस्टोन या दोघांनी 1966 साली लोकांना शब्दांच्या याद्या ऐकवल्या. पुष्कळ शब्द आठवेनात. मग नुसती 'फळं', 'प्राणी' अशी सदरं सांगितली, तर हरवलेले शब्द पटापटा बाहेर आले. शिल्लक होती, फक्त काढायची सोय नव्हती. पुढं 1975 साली गॉडन आणि बॅडली यांनी पाणबुड्यांना काही शब्द काठावर ऐकवले, काही पाण्याखाली. पाण्याखाली ऐकलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले. आपण स्वयंपाकघरात जातो, कशाला आलो ते आठवत नाही, आणि परत खुर्चीत येऊन बसलो की आठवतं. ते हेच. आठवण आपल्याजवळ असते, तिची किल्ली मात्र भलतीकडंच टांगलेली असते.

विसरलेल्या ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेनं 2023 साली 'उद्गम' नावाचं पोर्टल काढलं. त्याच्या आधीची ही गोष्ट. एस.टी.तून निवृत्त झालेले एक ड्रायव्हरकाका दर महिन्याला पेन्शनला जोडीनं येत. काका गप्प आणि काकू अखंड चालू. एका महिन्यात काका एकटेच आले. पुढल्या महिन्यातही एकटेच. मग एक दिवस हळूच म्हणाले, "आमचं दोघांच्या नावाचं एक जुनं खातं होतं. कुठल्या गावाला, आठवत नाही. सात डेपो फिरलो. असलं सगळं तिलाच ठाऊक."

मी म्हटलं, "काका, काकू सांगायच्या ना, छप्पर गळायचं म्हणून पासबुक तांदळाच्या डब्यात ठेवायचो. ते कुठलं गाव?"

काका क्षणभर थांबले. "महाड!" मग धरणच फुटलं. ती खोली, तो पाऊस, तांदळाची पूड लागलेलं पासबुक आणि त्यावरून झालेलं भांडण. त्या भांडणात बँकेचं नावसुद्धा निघालं! खात्यात व्याजासकट जेमतेम दोन हजार निघाले. पण त्या दिवशी काका काउंटरवर वीस मिनिटं बोलत होते, अगदी काकूंसारखे.

तेव्हापासून कुणी आजोबा पासबुकाबरोबर सबंध आयुष्य उघडून बसले, की मी ऐकून घेतो. मागची रांग खोकते, साहेब काचेतून बघतात. बघू देत! ठेव स्वीकारणं हेच आमचं काम आहे, आणि कुणाची किल्ली आपल्या टेबलावर राहून गेली असेल, सांगता येत नाही.