दुपारी एकचा गोंगाट

४ ऑगस्ट, सोमवार
वेक-अप रिसीव्हरचा बोर्ड आज हातात आला. सेन्सरचा मुख्य वाय-फाय रेडिओ बंद ठेवायचा, हा छोटा रिसीव्हर तेवढा जागा. राउटरची हाक आली की त्याने मोठ्याला उठवायचं. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या ८०२.११बीए मानकाचं लक्ष्य आहे की ऐकत राहायला एक मिलिवॅटहून कमी वीज लागावी. शिल्डेड खोलीत चाचणी उत्तम झाली. तिथे सगळेच हुशार!

५ ऑगस्ट, मंगळवार
बोर्ड कॅन्टीनच्या भिंतीला लावला. सकाळ बरी गेली. एकच्या सुमारास डबे गरम करायला रांग लागली आणि हाका हुकू लागल्या. वीज वाचवायची म्हणून या रिसीव्हरला फार अक्कल ठेवलेली नाही. हवेत ऊर्जा आहे की नाही, एवढंच तो बघतो. मँचेस्टर पद्धतीमुळे प्रत्येक बिटात ‘आहे’ आणि ‘नाही’ दोन्ही येतात, क्रमावरून शून्य की एक ते ठरतं. ‘नाही’च्या वेळी मायक्रोवेव्ह घुसला की दोन्ही सारखेच दिसतात आणि बिट बिघडतो. शेवटच्या १६ बिटांच्या तपासणीत अशी फ्रेम बाद होते. खोटी जाग बहुतेक टळते, पण खरी हाकही जाते.

६ ऑगस्ट, बुधवार
सरांनी विचारलं, “शेजारच्या ऑफिसांच्या राउटरांचं काय?” त्यांची सोय मानकात आहे. हाक जेमतेम ४ मेगाहर्ट्झची, पण तिच्या आधी नेहमीच्या वाय-फायचा २० मेगाहर्ट्झचा प्रीअँबल जातो. तो ऐकून आसपासचे राउटर तेवढा वेळ गप्प राहतात. पण लांबच्या राउटरला तो ऐकूच जात नाही. ब्लूटूथला कळत नाही, आणि मायक्रोवेव्ह तर कुणाचंच ऐकत नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार
दुपारभर ॲनालायझर लावून बसलो. घरगुती मायक्रोवेव्ह सलग गोंगाट करत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची. २० मिलिसेकंदांच्या प्रत्येक आवर्तनात साधारण निम्मा वेळ तो शांत असतो. संथ, ६२.५ किलोबिट वेगाची छोटी हाकसुद्धा एका मिलिसेकंदाच्या आत संपते, म्हणजे त्या फटीत आरामात बसते. आमचं सॉफ्टवेअर मात्र पुन्हा हाक मारताना बरोबर २० मिलिसेकंद थांबत होतं. पहिली हाक गोंगाटात सापडली की पुढच्याही त्यातच!

८ ऑगस्ट, शुक्रवार
दोन हाकांमधलं अंतर कमी-जास्त केलं. रांग तीच, पण पहिली हुकली तरी दुसरी-तिसरी लागू पडते. उत्तर थोडं उशिरा येतं. तापमान मोजणाऱ्या सेन्सरला त्याने काही बिघडत नाही, दाराच्या कुलपाला मात्र परवडणार नाही.
संध्याकाळी खरेदी विभागाला कळवलं: डेटाशीटवरचे मिलिवॅट बघून ऑर्डर देऊ नका. भर गर्दीत किती हाका हुकतात आणि उत्तराला किती उशीर होतो, हे दोन आकडे विक्रेत्याकडून आधी लेखी घ्या.